तानाजीच्या नावाचं ताट

तळेकोंड, तालुका खेड
३ ऑक्टोबर १९२८

चि. अंबिकेस जनार्दनाचे आशीर्वाद.

इकडचं ठीक. तुझ्या भाचीचा, बकुळचा, धाकटा आता भिंत धरून चालतो आणि दिसेल ते तोंडात घालतो. पेन्शनीत निघालेल्या मास्तरला वेळ भरपूर असतो, म्हणून सविस्तर लिहितो. दोनदा वाच.

झाशीहून सुटीवर आलेल्या एकाकडून कळलं, की तुमच्या तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात वर्षअखेरपर्यंत प्रत्येक कामगाराचा अंगठा घेणार आहेत. नाव, गाव, बापाचं नाव आणि खाली अंगठा. एकदा उमटला की तो जन्माचा. तेव्हा आपल्याला घाई केली पाहिजे. आपले जावई तानाजीराव सात वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी गावी आले ते राहिलेच, हे तू जाणतेस. जागा रिकामी दिसली असती तर पंजाबी मिस्त्र्याने तिथे आपला माणूस बसवला असता. म्हणून आपल्या टोळीवरच्या दत्तोबा मिस्त्रींनी तानाजीरावांचा पितळी बिल्ला तिकडच्याच एका माणसाच्या हाती दिला आणि तो तानाजी या नावाने कामाला लागला. सोय दोन महिन्यांची होती, झाली सात वर्षं. त्या माणसाचे उपकार आहेत, नाही कोण म्हणतो? पण जागा आपली आहे आणि नावही आपलं आहे. शिवाय तानाजीराव तिथून निघाले तेव्हा नुसते खलासी, हाताखालचे मजूर होते, आता त्या बिल्ल्यावर फिटर आहेत असं ऐकतो. इतकी चांगली जागा परक्याच्या अंगठ्याखाली कायमची जावी हे मला बघवत नाही.

तो माणूस तुझ्या खाणावळीत जेवतो. त्याला तूच सांग, की दिवाळी झाली की बिल्ला ठेवून बाजूला हो. तुझा शब्द तिथे कुणी मोडत नाही. बकुळच्या दोन पोरांकडे बघून एवढं कर.

तुझा
दादा


सीपरी बाजार, झाशी
१९ ऑक्टोबर १९२८

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना भाकरी करपली, दुसऱ्यांदा वाचताना मी. सात वर्षं जावईबापू ओटीवर लोळले आणि लोळता लोळता फिटर झाले, असं भाग्य आणखी कुणाचं असेल तर मला कळव.

तू गावात बसून कारखाना म्हणतोस, तो कसा चालतो ते मी रोज बघते. इथे मुलूखभरची माणसं आहेत. ओतशाळेत सगळे मद्रासकडचे. सुतारकामाला पंजाबी. फिटर आपले, रत्नागिरी-साताऱ्याचे आणि थोडे भुसावळचे. प्रत्येक मिस्त्री आपल्या गावची माणसं ओढून आणतो आणि मागून दार लावून घेतो. आणि ज्यांच्या मातीवर हे सगळं उभं आहे ते बुंदेलखंडी कोळसा वाहतात, ढकलगाड्या ढकलतात आणि बाकी सगळ्यांच्या शिव्या खातात. माझे हे गेल्यापासून पंधरा वर्षं मी आपल्या या लोकांना वाढते आहे. ताटात हात धुतात, भिंतीला चुना पुसतात आणि वर मला सांगतात, की वहिनी, हे इकडचे लोक फार घाणेरडे.

दत्तोबा मिस्त्रीचा कायदा तुला ठाऊक असेल. जो आपल्या पंगतीत जेवतो तो आपल्या टोळीचा. मग साहेब विचारो नाहीतर पोलीस, सगळे त्याच्या बाजूने एकच बोलणार. डबा घेऊन वेगळा बसला की तो परका. म्हणून या माणसाला पहिल्या दिवसापासून माझ्याकडे पंगतीत बसवलं. त्याचं खरं नाव बिंद्रावन. गाव मऊरानीपुर, इथून गाडीने दोन-अडीच तासांवर. शनिवारी दुपारी भोंगा झाला की बायकोकडे जातो, सोमवारी सकाळी परत. जात कोणती ते दत्तोबाने सांगितलं नाही, कुणी म्हणायचं लोधी असेल. मी विचारलं नाही. न विचारण्यात माझीही सोय होती, हे कबूल करते.

कामाला तो कसा आहे ते माझ्याकडे जेवणारेच सांगतात. तिसऱ्या वर्षी फिटरची परीक्षा दिली ती यानेच, पास झाला तानाजी. अवघड काम आलं की दत्तोबा याला हाक मारतो. जेवायला बसला की मान खाली. जे वाढाल ते खातो, पुन्हा मागत नाही. बोंबील वाढले तर चावत नाही, पाण्याबरोबर गिळतो. मला वाटायचं कामाची घाई असेल, पोट भरत नसेल. म्हणून त्याला एक तुकडा जास्तच वाढते.

तर सांगितलं मी त्याला. 'अच्छा बाई' एवढंच म्हणाला, आपलं ताट धुऊन ठेवलं. दारात वळून विचारलं, की सात साल जो काम करो, वो किसके नाम लिखो जैहे? म्हणजे हे सात वर्षांचं काम कुणाच्या नावावर लागणार? मी आत जाऊन डाळ ढवळत बसले.

बकुळ माझीही आहे. पाठव तानाजीला. पण या सगळ्याची मला घाण वाटते, एवढं लिहून ठेवते.

अंबिका


तळेकोंड
२ नोव्हेंबर १९२८

चि. अंबिका,

तानाजीराव भाऊबीज करून निघतील. बकुळने पाहुणचाराचं बरंच काही बांधून ठेवलं आहे, सोबत तुझ्यासाठी बोंबलांचं गाठोडंही आहे.

तो माणूस काय विचारतो याला फार महत्त्व देऊ नकोस. मात्र एक गोष्ट आता तुला सांगायला हवी. पूर्वी सांगितली नाही, कारण मग तुझ्या हातून स्वयंपाक झाला नसता. तो जातीने कोरी आहे, म्हणजे विणकर. तिकडे त्या लोकांच्या हातचं पाणी चालत नाही. दत्तोबांनी सात वर्षांपूर्वीच मला तसं कळवून विचारलं होतं आणि मीच हो म्हटलं. विचार करून म्हटलं. दुसरा कुणी असता तर आज ना उद्या जागेवर हक्क सांगायला उभा राहिला असता. कोरी आपल्या पंगतीत बसून जेवलेला. त्याने तोंड उघडलं तर पहिला मार त्यालाच पडणार. असा माणूस कधी आपलं नाव सांगत नाही. जागा सुरक्षित राहिली ती यामुळे.

तेव्हा त्याने आढेवेढे घेतले तर पंगतीत दोन शब्द टाकायचे, पुढचं आपोआप होईल. तानाजीरावांना मी सांगून ठेवलं आहे. गैरसमज करून घेऊ नकोस. मी सुधारक मताचा माणूस आहे, शाळेत मी सगळ्या मुलांना एका बाकावर बसवलं. माझ्या मनात जातीचं काही नाही. हा केवळ व्यवहार आहे.

दादा


सीपरी बाजार, झाशी
२९ नोव्हेंबर १९२८

दादा,

तुझा जावई पोचला. आल्यापासून खाटेवर आहे. म्हणतो इथली हवा कोरडी, ओठ फुटतात. दत्तोबाने त्याला चार दिवस आत नेऊन काम दाखवलं. मालाच्या वाघिणीच्या, म्हणजे डब्याच्या, चाकांच्या आसावर पितळेचा तुकडा घासून घासून बसवायचा असतो. केसाएवढं चुकलं तरी चाक वाटेत तापतं आणि धूर निघतो. तानाजीने कानस हातात घेतली आणि दोन तासांत तळहाताला फोड आले. मग तो बाजूला उभा राहिला आणि बिंद्रावनने त्याच्या वाटचं पितळ बसवलं. तेही चारही दिवस. मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं लाजेने मेला असेल. कसला मरतो, जेवायला दोनदा भात घेतला.

परवा दुपारच्या पंगतीत दत्तोबाने सगळ्यांसमोर बिंद्रावनकडे बिल्ला मागितला. तो म्हणाला बिल्ला देईन, पण काम माझ्या नावावर लिहा. शांतपणे म्हणाला. तेवढ्यात तुझ्या जावयाने तोंडातला घासही न गिळता सांगितलं, की अरे कोरी ना तू, कोऱ्याने काय नाव सांगायचं.

मग काय झालं ते ऐक. अकरा माणसं उठली. एकाने मोरीवर जाऊन घशात बोटं घातली. दोघांनी नळाखाली कपड्यांसकट अंघोळ केली. ताटं गटारात फेकली, माझी ताटं. हे तेच लोक जे शनिवारी कुणाच्या हातची कसली दारू पिऊन येतात ते देवालाच ठाऊक, आणि आता नाकाने कांदे सोलत होते. दत्तोबा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, आम्हाला बाटवलं म्हणून. ज्याने त्याला हाताला धरून त्या पाटावर बसवलं तोच. आणि मी तुला खोटं कशाला सांगू, मीही पदराला हात पुसले. तुझं पत्र येऊन मला तीन आठवडे ठाऊक होतं, तरी पुसले.

तो एकटाच ताटावर बसून होता. मी म्हटलं, भैया, ऊठ आता. तेव्हा त्याने वर बघितलं आणि बोलला. सात वर्षांत इतकं कधी बोलला नव्हता.

'बाई, हम कबीरपंथी हैं. हमाए घर में मांस-मछरी कोऊ नईं खात. बाप ने नईं खाई, दादा ने नईं खाई. मिस्त्री ने पैले दिन कई थी, थाली में जो आए सो खा लइयो, मों न बनइयो, नईं तो जात पूछहें. सो हम खात रए.'

दादा, ताटात येईल ते तोंड वाकडं न करता खा, नाहीतर जात विचारतील, असं दत्तोबाने त्याला बजावलं होतं. त्यानेच सांगितलं, की दर शनिवारी मऊरानीपुरला उतरला की आधी नदीवर जातो. अंघोळ करतो, राख लावून तोंड धुतो, रविवारभर उपाशी राहतो. बायको त्याला चुलीकडे येऊ देत नाही. गळ्यातली कंठी त्याने नोकरी धरली त्या दिवशी काढून खुंटीला अडकवली, ती सात वर्षं खुंटीलाच आहे. भजनाला सगळ्यांच्या मागे, दाराबाहेर बसतो, कारण आत बसायचं तोंड नाही असं त्यालाच वाटतं. आणि मी त्याला एक तुकडा जास्त वाढत होते. मायेने.

आम्ही सगळे ओकाऱ्या काढत होतो, आणि ज्याला खरी ओकारी आली असती तो सात वर्षं गिळत होता. मला शिसारी आली आहे. तानाजीची आली, दत्तोबाची आली, माझ्या त्या पुसलेल्या हातांची आली. पण सगळ्यांत जास्त तुझ्या पत्राची आली. 'विचार करून म्हटलं', असं लिहिलं आहेस तू. ज्याला आपलं नाव सांगता येणार नाही असा माणूस शोधून काढलास, आणि वर मला शाळेतला बाक सांगतोस.

बिंद्रावनने बिल्ला दिलेला नाही. वेगळा डबा घेऊन कामावर जातो. टोळी त्याच्याशी बोलत नाही, पण पितळ त्याच्याकडूनच बसवून घेते. पितळाला विटाळ नसतो वाटतं.

अंबिका


तळेकोंड
११ डिसेंबर १९२८

चि. अंबिका,

तुझं पत्र बकुळला वाचून दाखवता आलं नाही. मोठ्या भावाला असं लिहितात का?

मासे खाऊन कुणी मरत नाही. त्याने स्वतःच्या गरजेने खाल्ले, कुणी त्याला बांधून घातले नाहीत. दत्तोबा कळवतात, की अंगठ्याच्या दिवशी हे दोघेही एकाच नावाने उभे राहणार आणि साहेब बाहेरचा साक्षीदार मागेल. तू कारखान्याची नोकर नाहीस, दोघांना ओळखतेस, तेव्हा तुलाच बोलावतील. तिथे फाटे न फोडता एकच सांगायचं: तानाजी कधी गावी गेलाच नाही, सात वर्षं माझ्याकडे जेवतो आहे, हा दुसरा मला ठाऊक नाही.

एवढं झालं नाही तर बकुळ दोन पोरं घेऊन जन्मभर माझ्या दारात राहील, आणि माझी पेन्शन किती ते तू जाणतेस. त्या परक्यासाठी भाचीच्या पोटावर पाय देणार असशील, तर या घरात तुला माहेर राहणार नाही. हे रागाने लिहीत नाही, विचार करून लिहितो.

दादा


सीपरी बाजार, झाशी
२४ डिसेंबर १९२८

दादा,

गेले मी साक्षीला. आदल्या दिवशी बिंद्रावन भेटला तेव्हा त्याला विचारलं, की बाबा, मी काय सांगू? माझ्या मनात एक खोटं तयार होतं. मी सांगणार होते, की हाच तानाजी, हाच माझ्या भाचीचा नवरा, आणि तो खाटेवरचा कुणी भामटा आहे. टोळीचंच हत्यार टोळीवर. तो नको म्हणाला. 'जो है सो कै दइयो.' म्हणून मी जे आहे ते सांगितलं.

साहेब नवा आहे, विलायतेतून आलेला. मधे दुभाषी म्हणून हजेरीचे कारकून अनंतराव. ते झाशीचेच, सहा पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या दक्षिणी घराण्यातले. निम्मं मराठी बोलतात, निम्मं हिंदी. मी बोट दाखवून सांगितलं, की हा तानाजी, हा १९२१ साली गावी गेला आणि गेल्या महिन्यात आला. हा बिंद्रावन कोरी, याने सात वर्षं याच्या नावाने काम केलं आणि परीक्षाही यानेच दिली. काही लपवलं नाही. मला वाटलं, खरं एकदा मोठ्याने बोललं की पुढचं आपोआप सरळ होतं. पन्नाशीला आले तरी मूर्खच राहिले.

साहेबाने वही बघितली. वहीत तानाजी आहे का? आहे. फिटर आहे का? आहे. समोर उभा आहे तो खरा तानाजी का? बाई म्हणते, हो. मग घ्या अंगठा. झालं. वही आणि माणूस जुळले, साहेबाचं समाधान झालं. बिंद्रावन कोणत्याच वहीत नाही, म्हणून तो इथे कधी नव्हताच. आणि होतो म्हणत असेल तर दुसऱ्याचा बिल्ला लावणं हा गुन्हा, पोलिसात देता येतो. पण साहेब दयाळू. बाईने खरं सांगितलं म्हणून गुन्हा माफ, आणि तरणा माणूस आहे म्हणून आजपासून नवा खलासी. नाव बिंद्रावन, बापाचं नाव पलटू, गाव मऊरानीपुर. घ्या अंगठा.

मी ओरडले, की साहेब, दोघांच्या हातात कानस द्या आणि बघा. अनंतरावांनी ते साहेबाला सांगितलंच नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, 'अंबिकाबाई, रहने दीजिए. हे मी सांगितलं तर चाळीस बिल्ले उघडे पडतील. मद्राशांचे, पंजाब्यांचे, तुमच्या लोकांचे, सगळ्यांचे.' साहेबाने विचारलं बाई काय म्हणते. अनंतराव म्हणाले, आभार मानते आहे.

मला इंग्रजी येत नाही, पण 'थँक्यू' एवढं कळतं.

बिंद्रावनने अंगठा दिला. सात वर्षांपूर्वी तुझा जावई जिथे होता तिथे तो आता आहे, आणि त्याने चढवलेल्या जागेवर तुझा जावई. दत्तोबाने त्याला तानाजीच्याच हाताखाली लावून घेतलं आहे, म्हणजे काम जसं चाललं होतं तसंच चालेल. बाहेर आल्यावर टोळीने पेढे वाटले. माझ्याही हातावर एक ठेवला. मी तो गटारात टाकला, जिथे त्यांनी माझी ताटं टाकली होती.

तू सांगितलंस ते मी बोलले नाही. तेव्हा माहेर तुटलं असं मी धरून चालते.

अंबिका


तळेकोंड
८ जानेवारी १९२९

चि. अंबिका,

तुझं पत्र आलं आणि घरात दिवाळी झाली. बकुळ रडली. तुझ्या नावाने देवापुढे नारळ फोडला.

मी तुला ओळखायला चुकलो, हे मोकळेपणाने लिहितो. मी खोटं बोल म्हणालो होतो, तू माझ्याहून हुशार निघालीस. सगळं खरंच सांगून टाकायचं, म्हणजे साहेबाला वहीशिवाय दुसरा आधारच उरणार नाही, हे मला सुचलं नसतं. पत्रात तू रागावल्यासारखं लिहिलं आहेस, ते कुणाच्या हाती पडेल म्हणून असणार, मी समजलो. शेवटी रक्ताचं माणूस ते रक्ताचं. त्या माणसाचीही सोय झाली, खलासी का होईना, स्वतःच्या नावाने लागला. मनावर काही ठेवू नकोस. सगळ्यांचं चांगलंच झालं.

माहेराचं मी जे लिहिलं ते विसरून जा. संक्रांतीचा तिळगूळ आणि एक लुगडं पाठवतो आहे. उन्हाळ्यात चार महिने ये. बकुळला तुझ्या हातचं खायचं आहे.

तुझा
दादा


सीपरी बाजार, झाशी
२७ जानेवारी १९२९

दादा,

लुगडं परत पाठवते आहे. बकुळला दे, तिचा यात काही गुन्हा नाही. तिळगूळ टोळीने खाल्ला, मला विचारलंही नाही.

तानाजी परवाच्या गाडीने निघाला. पत्राच्या आधी तोच पोचेल कदाचित. त्याचं ऐकण्याआधी माझं ऐक, कारण तो सांगेल हवा मानवली नाही.

अंगठ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी बिंद्रावन खलाशाच्या जागेवर हजर झाला. दत्तोबाने नेहमीप्रमाणे पितळ त्याच्यापुढे सरकवलं. तो म्हणाला, 'हम खलासी हैं. रेती फिटर चलात.' रेती म्हणजे कानस. एवढं बोलून त्याने झाडू घेतला. सांगितलेलं ओझं उचलतो, मागितलेलं हत्यार पुसून हातात देतो, ढकलगाडी ढकलतो. खलाशाचं एकही काम चुकवत नाही. कानशीला मात्र हात लावत नाही. दत्तोबाने शिव्या दिल्या, मग भैया-बाबा करून बघितलं, मग साहेबाकडे नेतो म्हणाला. त्यावर तो म्हणाला, चलो. दत्तोबा कशाला नेतोय? साहेबाला काय सांगणार, की फिटरचं काम खलासी करत नाही?

तेव्हा तुझ्या जावयाला कानस धरावी लागली. धरली, घासलं, बसवलं. आठ दिवसांत तीन वाघिणी परत आल्या. एकीचं चाक बबीना स्टेशनाच्या अलीकडे इतकं तापलं की धुराचा लोट निघाला आणि मालगाडी तिथेच तीन तास उभी राहिली. साहेब खाली आला. तानाजीच्या मागे घड्याळ हातात घेऊन तासभर उभा राहिला. म्हणे तानाजीच्या हातातून कानस चारदा पडली. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव वहीतून कमी केलं. त्या जागेवर पंजाबी मिस्त्र्याचा माणूस बसला, अंगठा देऊन. जिच्यासाठी सात वर्षं सगळ्यांनी शेण खाल्लं ती जागा अशी गेली. बिंद्रावनलाही मिळाली नाही. त्याला ती मिळणार नव्हती, हे त्याला झाडू उचलताना ठाऊक होतं असं मला वाटतं.

बकुळचं वाईट वाटतं. तिला सांग, आत्याचा हात यात आहे, आणि शिव्या द्यायच्या तर मला दे. पण तुझ्या त्या पत्रातल्या शाबासकीने मला जितकी किळस आली तितकी त्या मोरीवरच्या ओकाऱ्यांनी आली नव्हती. मी खरं बोलले ते त्या माणसासाठी. तुला त्यात फक्त हुशारी दिसली. इतकी वर्षं तू मुलांना काय शिकवलंस रे?

गेल्या रविवारी मी मऊरानीपुरला जाऊन आले. घर शोधायला वेळ लागला नाही, माग चालू होता. बायकोने मला बघितलं आणि धोटा थांबवला नाही. तो बाहेर आला, दारातच उभा राहिला. मी वाटेत जुळवून ठेवलं होतं सगळं. म्हटलं, भैया, चुकलं आमचं. तू पुन्हा ये. तुझ्यासाठी वेगळी भांडी ठेवते, वेगळी चूल मांडते, साधं शिजवते. पंगत उठते तर उठू दे.

तो पायाकडे बघत होता. मग म्हणाला, 'बाई, गुस्सा नईं है. आपके हात से घिन आत है.'

दादा, माझ्या हाताची किळस येते, हे तो आवाज चढवून बोलला नाही. उलट त्यालाच संकोच झाला होता, एखादं दुखणं सांगावं तसा. मी बरं म्हटलं आणि स्टेशनावर आले.

घरी येऊन चूल पेटवली, कारण तेवढंच येतं मला. संध्याकाळची पंगत बसली, तीच अकरा माणसं. दत्तोबा म्हणाला, वहिनी, आमटी झकास झाली आहे. मी त्याला आणखी वाढली. सगळे उठून गेल्यावर स्वतःचं ताट घेतलं. घास उचलला आणि कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग जेवले. भूक लागली होती.

अंबिका